बिघाड वायरीत, शिक्षा ईसीएमला

मा. संपादक,

ट्रकच्या ईसीएमवरचा, म्हणजे इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्यावरचा, कालचा लेख दोनदा वाचला. जुना मेकॅनिकल पंपच बरा होता, या डब्याने ट्रकवाल्यांची वाट लावली, असा त्याचा सूर. मी तीस वर्षं ट्रक चालवतो आणि सांभाळतो. वाट डब्याने लावलेली नाही, न तपासता डबा बदलणाऱ्यांनी लावली आहे.

माझ्याच गाडीचं सांगतो. भरलेली गाडी चढाला लागली की चेक लाइट पेटायचा आणि पिकअप जायचा. सपाटीवर पुन्हा ठीक. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, कोड आला एसपीएन १५७, एफएमआय ३. म्हणजे रेल प्रेशर सेन्सरच्या (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त. कोड एवढंच सांगतो, कुठला पार्ट फेकायचा ते सांगत नाही. त्यांनी आधी सेन्सर बदलला, मग म्हणाले ईसीएमच गेला. नवा मागवला, त्यात इंजिनाचा प्रोग्राम भरला, सहाही इंजेक्टरांचे ट्रिम कोड, म्हणजे प्रत्येकाच्या फवाऱ्यातला बारीक फरक सांगणारे कोड, टाकले. गाडी अकरा दिवस उभी. बाहेर काढली आणि पहिल्याच चढाला तोच लाइट, तोच कोड.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनकडे नेली. त्या सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्टची, सिग्नलची आणि रिटर्नची. त्याने इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली, सिग्नलला मल्टिमीटर लावला आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वीत-वीत हलवत गेला. काटा अर्ध्या व्होल्टवर होता. इंजिनाच्या ब्रॅकेटपाशी हात आला आणि काटा थेट ५ कडे गेला. वरची काळी नळी सोलली, तर रिटर्नच्या वायरीला नखाएवढी चीर, आतलं तांबं हिरवं पडलेलं, दोनच धागे शाबूत. चढाला जोर लागला की इंजिन माउंटिंगवर कलतं, वायर ताणली जाते, रिटर्न तुटतो आणि सिग्नल वर चढतो. प्रेशरचा भरवसा उरला नाही की ईसीएम इंजिन वाचवायला डिझेल कमी करतो. त्याने त्याचं काम चोख केलं होतं!

ईसीएम कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. बॅटरीच्या केबल न काढता चासीवर वेल्डिंग केलं, वायरी जोडायच्या कपलरमध्ये पाणी शिरलं, तर जातो. पण लेखकांनी हे नवं खूळ म्हणावं? डेट्रॉइट डिझेलचं सिरीज ६० इंजिन १९८७ मध्ये आलं तेच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल घेऊन. लिहायचंच होतं तर गाडीच्या मालकाला स्वतःच्याच गाडीचा वायरिंग डायग्राम मागून मिळत नाही, यावर लिहायचं होतं. तो हातात असता तर मीही त्या तीन वायरी तपासल्या असत्या.

आणि लेखासोबतचा फोटो स्पार्क प्लगचा होता. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, एवढं तरी छापण्याआधी कुणाला विचारायला हवं होतं.

माझा जुना ईसीएम धडधाकट होता. वायर जोडल्यावर मी तो परत मागायला गेलो, तेव्हा वर्कशॉपने तो खराब म्हणून आधीच कंपनीकडे पाठवून दिला होता.

– एक ट्रकमालक