अनोळखी विमानतळ आणि जमिनीवरची वाट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चार्टर विमानांचा हंगाम तोंडावर आला आहे. गोव्यातले दाबोळी किंवा मोपा विमानतळ प्रथमच पाहणारे वैमानिक येत्या काही महिन्यांत इथे उतरतील, त्यांतले बरेच रात्र जागून आलेले असतील. विमान टेकले की प्रवाशांचा जीव भांड्यात पडतो. वैमानिकाची मात्र धावपट्टीपासून स्टँडपर्यंतची (विमान उभे करण्याच्या जागेपर्यंतची) आणि परतताना स्टँडपासून धावपट्टीपर्यंतची वाट उरलेली असते. तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये मोपाहून हैदराबादला निघालेले एक विमान धावपट्टीऐवजी टॅक्सीवेवरच (धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या वाटेवरच) उड्डाणासाठी वेग घेऊ लागले होते. एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांनी, ते थांबवले. एवढी रुंद धावपट्टी दिसली कशी नाही, असे कोणालाही वाटेल. पण मध्यम आकाराच्या जेट विमानात वैमानिकाचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार-पाच मीटरवर असतात. तिथून नकाशातली आकृती दिसत नाही, एकमेकींत मिसळलेल्या करड्या पट्ट्या दिसतात. समांतर टॅक्सीवे धावपट्टीसारखाच सरळ आणि लांब असतो. शिवाय दोन्हींची दिशा एकच, त्यामुळे होकायंत्रही चूक दाखवत नाही.

यावर जोर देतो, कारण ‘धावपट्टीवर आल्यावर दिशा तपासा’ एवढे सांगून पुष्कळदा विषय संपवला जातो. अमेरिकेत लेक्सिंग्टन इथे २७ ऑगस्ट २००६ रोजी २२ क्रमांकाच्या धावपट्टीऐवजी २६ क्रमांकाच्या आखूड धावपट्टीवरून विमान निघाले आणि ५० पैकी ४९ जण गेले. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांचा दहावा भाग. म्हणजे तिथे सुमारे ४० अंशांचा फरक समोरच्या उपकरणावर होता. नजर टाकली असती तर तो कळला असता. याउलट तैपेईत ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे विमान बांधकामासाठी बंद असलेल्या समांतर धावपट्टीवर वळले. दिशा बरोबरच होती. ८३ जण मृत्युमुखी पडले.

म्हणून समांतर पट्ट्या असतील तिथे रंग वाचायचे. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सीवेवरच्या पिवळ्या. रात्री धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, टॅक्सीवेच्या कडेचे निळे आणि मध्यरेषेचे हिरवे. टोकाकडून शिरलात तर जमिनीवर रंगवलेला धावपट्टीचा पांढरा क्रमांक दिसलाच पाहिजे; मधल्या वाटेने शिरलात तर कडेच्या लाल फलकावरचा क्रमांक दोन्ही वैमानिकांनी मोठ्याने वाचावा. जिथे आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) आहे तिथे त्याच धावपट्टीचा लोकलायझर, म्हणजे तिची मध्यरेषा दाखवणारा संकेत, लावून ठेवावा. काटा मध्यावर नसेल तर थ्रॉटलला (इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दांड्याला) हात लावू नये.

तयारी पुशबॅकच्या (विमान स्टँडवरून मागे ढकलण्याच्या) आधीची, आणि उतरताना डिसेंट, म्हणजे खाली येणे, सुरू होण्याच्या आधीची. विमानतळाचे चार्ट ठरावीक २८ दिवसांच्या चक्राने बदलतात, मधले बदल नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनापत्रात) येतात. बंद टॅक्सीवे नोटॅममध्ये नुसता वाचून भागत नाही, तो चार्टवर खोडून ठेवावा लागतो. लेक्सिंग्टनला कामांमुळे टॅक्सीवेची रचना बदलली होती आणि वैमानिकांच्या हातातला चार्ट जुनाच होता. धावपट्टी कुठे सोडणार, लगेच डावीकडे की उजवीकडे, वाटेत किती धावपट्ट्या ओलांडायच्या आणि चार्टवरचा हॉटस्पॉट (चूक होण्याचा धोका असलेली जागा) कितव्या वळणावर येतो, हे दोघांच्या बोलण्यात आधीच यायला हवे.

ग्राउंडने (जमिनीवरची वाहतूक पाहणाऱ्या नियंत्रकाने) दिलेला मार्ग लिहून घ्यावा, आणि रीडबॅकमध्ये, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवताना, धावपट्टीचा क्रमांक व ‘होल्ड शॉर्ट’ (धावपट्टीच्या अलीकडे थांबा) कधीही गाळू नये. मार्ग धावपट्टीच्या पलीकडे जात असला तरी ती ओलांडण्याची परवानगी त्यात आपोआप येत नाही, ती वेगळी मिळावी लागते. २० नॉट म्हणजे सेकंदाला दहा मीटर. एफएमएसमध्ये (उड्डाणाचा मार्ग भरण्याच्या संगणकात) काही भरायला सहा सेकंद मान खाली घातली तर विमान साठ मीटर पुढे गेलेले असते. असले काम थांबून करावे.

फलकांची भाषा सोपी आहे. काळ्यावर पिवळे अक्षर म्हणजे आपण इथे आहोत. पिवळ्यावर काळे अक्षर म्हणजे ही वाट तिकडे जाते. लालवर पांढरे म्हणजे पुढे धावपट्टी. चार पिवळ्या रेषांपैकी दोन अखंड रेषा आपल्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय चाक पुढे जाता कामा नये. लाल स्टॉप बार (वाटेवरची आडवी लाल दिव्यांची रांग) पेटलेला असेल तर परवानगी कानावर पडलेली असली तरी थांबून टॉवरला विचारावे.

पण वैमानिक कितीही सावध असला तरी फलक आणि टॉवर यांची साथ लागतेच. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात एका छोट्या जेटला आर ५ या वाटेने जायचे होते, ते आर ६ ने गेले आणि उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानासमोर आले. ११८ जणांचा अंत झाला. जमिनीवरचे रडार त्या वेळी चालू नव्हते. वैमानिकाने ‘एस ४’ ही खूण जवळ आल्याचे रेडिओवर सांगितले होते, म्हणजे आपण चुकीच्या वाटेवर आहोत हेच त्याने नकळत सांगितले. पण कंट्रोलरकडच्या नकाशात ती खूणच नव्हती, आणि ते वाक्य तसेच गेले. हे वाचताना आजही पोटात कालवते.

दाबोळीचा तळ नौदलाचा, मोपा खासगी कंपनीकडे. दोघांकडेही मागणे तेच आहे. चार महिन्यांच्या पावसात फलकांवर शेवाळ धरते आणि पिवळ्या रेषा फिकट होतात. हंगाम सुरू होण्याआधी फलक धुवावेत, रेषा पुन्हा रंगवाव्यात, दिवे रात्री गाडीने फिरून एकेक तपासावेत आणि नवी खूण रंगवली तर ती त्याच दिवशी टॉवरच्या नकाशातही यावी. नवख्या वैमानिकाला लांब मार्ग एका दमात न सांगता वळणावळणाने सांगावा, मोपाच्या सड्यावर धुके असेल तेव्हा ‘फॉलो मी’ गाडी (विमानापुढे वाट दाखवत जाणारी) त्याने मागण्याआधीच उभी असावी. आणि टॅक्सीवेवर थांबून ‘मी कुठे आहे’ असे विचारणाऱ्याला, मागे चार विमाने खोळंबली तरी, शांतपणे उत्तर मिळावे.

आपला,
एक वाचक, वास्को