क्युबाच्या कारखान्यांना सुटे भाग कोण देणार? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचा. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये फिटर म्हणून लागलो आणि एकतीस हंगाम काढून निवृत्त झालो. बंद पडलेला कारखाना म्हणजे काय, हे मला नीट कळते. म्हणूनच अमेरिकेच्या व्यापारबंदीत अडकलेल्या क्युबाबद्दल आपल्याला लिहितो आहे.

एका हंगामात, ऐन जानेवारीत, आमच्या मिलच्या टर्बाइनचा एक भाग गेला. पुरवठादाराने कबूल केलेली तारीख पाळली नाही आणि मिलमध्ये ऊस नेणारी गव्हाण पाच दिवस थांबली. गाड्यांची रांग यार्ड ओलांडून रस्त्यावर गेली. तोडलेला ऊस उन्हात वाळू लागला, वजन घटले, साखरेचा उतारा पडला. तोडणीला आलेल्या मजुरांच्या टोळ्या कोपीवर, म्हणजे आपल्या झोपड्यांत, बसून. बैलांपुढे उसाचे वाढे टाकून गाडीवान आमच्या तोंडाकडे बघत राहायचे. मला त्या पाच रात्री झोप आली नाही. क्युबातला फिटर अशीच वाट वर्षानुवर्षे बघतो आहे, आणि त्याचा भाग येणार नाही याची व्यवस्था अमेरिकेच्या कायद्यानेच करून ठेवलेली आहे.

१९९० च्या सुमारास क्युबा वर्षाला ऐंशी लाख टन साखर करायचा. २०२२-२३ च्या हंगामात ती जेमतेम साडेतीन लाख टन झाली. एवढी साखर आमच्याकडचे तीन-चार मोठे कारखाने मिळून करतात. ही घसरण एकट्या बंदीमुळे झाली, असे मी म्हणणार नाही. सोव्हिएत युनियन कोसळला आणि हक्काचे गिऱ्हाईक गेले. २००२ मध्ये तिथल्या सरकारनेच १५६ पैकी निम्म्याच्या आसपास कारखाने बंद केले. सरकारचा कारभार चुकला, २०२१ च्या जुलैमध्ये रस्त्यावर उतरलेल्या लोकांना तुरुंगात टाकले, हेही खरे. पण आजारी माणसाच्या चुका मोजत त्याच्या औषधाची वाट अडवायची का?

या भांडणाची सुरुवातही साखरेपासूनच आहे. क्युबाने अमेरिकन कंपन्यांच्या तेल रिफायनऱ्या ताब्यात घेतल्या, त्यावर जुलै १९६० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी क्युबाची साखर अमेरिकेत घ्यायचा कोटा तोडला. फेब्रुवारी १९६२ मध्ये पुढचे अध्यक्ष केनेडी यांनी जवळजवळ सगळाच व्यापार बंद केला. त्याआधी, एप्रिल १९६० मध्ये, लेस्टर मॅलरी या अमेरिकन परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याने लिहिलेले टिपण आज सर्वांना वाचायला खुले आहे. क्युबात पैसा आणि माल जाऊ न देता उपासमार आणि हताशा निर्माण करावी, म्हणजे लोक सरकार उलथवतील, असा त्याचा आशय. ते सरकार साठ वर्षांनंतरही उलथले नाही. उपासमार मात्र आली.

अमेरिकेने स्वतःचा माल कुणाला विकावा हा तिचा प्रश्न, असे कुणी म्हणेल. तेवढेच असते तर मी हे पत्र लिहिले नसते. पण ही बंदी आपल्या दारापर्यंत येते. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्याने क्युबाच्या बंदरात माल उतरवलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवता-उतरवता येत नाही. एखाद्या यंत्रात दहा टक्क्यांहून जास्त अमेरिकन भाग असला, तर ते तिसऱ्या देशातूनही परवान्याशिवाय क्युबाला पाठवता येत नाही. आता सांगा, आजच्या टर्बाइनमध्ये, कंट्रोल पॅनेलमध्ये, पंपात कुणाचा भाग नसतो? शिवाय २०२१ पासून क्युबा पुन्हा दहशतवादाला मदत करणाऱ्या देशांच्या अमेरिकन यादीत आहे. त्यामुळे बँका त्या देशाचे नाव दिसले की पैसे हलवायला तयार होत नाहीत.

जगाने हे मान्य केलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून या बंदीविरुद्ध ठराव येतो. पहिल्या वेळी ५९ देश बाजूने होते. २०१६ मध्ये १९१ झाले, आणि खुद्द अमेरिका तटस्थ राहिली. २०२४ मध्ये १८७ विरुद्ध २. पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आकडा १६५ वर आला, विरोधात ७ आणि तटस्थ १२. भारताने तेव्हाही ठरावाच्या बाजूने मत दिले, त्याचा मला अभिमान आहे. मात्र इतरांची पावले डगमगत असताना नुसते हात वर करणे पुरणार नाही, असे मला मनापासून वाटते.

व्यापारबंदी हे हत्यारच वाईट, असेही माझे म्हणणे नाही. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्यात आपणच पुढे होतो. पण तिथे भरडली जाणारी जनताच पुढे जगाला सांगत होती, आमच्या राज्यकर्त्यांशी व्यवहार करू नका. क्युबाचे लोक असे सांगत नाहीत.

माझी मागणी एकच आहे. ११ जुलै २०२२ ला रिझर्व्ह बँकेने रुपयात आंतरराष्ट्रीय व्यवहार करायची सोय केली. मार्च २०२३ पर्यंत १८ देशांच्या बँकांना त्यासाठी खाती उघडायची परवानगी मिळाली होती. त्यांत क्युबा नव्हता. ते खाते उघडा. डॉलरच्या वाटेला न जाता औषधे, बॉयलरच्या ट्यूबा, बेअरिंग, मिलचे रोलर तिकडे जाऊ देत. इराणच्या तेलाचे पैसे २०१२ पासून आपण युको बँकेतून रुपयात दिलेच होते. म्हणजे हे काम आपल्याला येते.

अमेरिका रागावेल ही भीती मी समजू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर पन्नास टक्के शुल्क बसले, आणि त्यातले निम्मे रशियाचे तेल घेतो म्हणून होते. कुणाकडून काय घ्यायचे हे आम्ही ठरवू, असे तेव्हा सरकारने ठणकावले. आमच्या गावात ते सगळ्यांना पटले होते. तोच हक्क क्युबाशी व्यवहार करतानाही वापरा, एवढेच मागतो आहे.

१९९२ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने इथल्या लोकांनी दहा हजार टन गहू गोळा करून क्युबाला पाठवला होता. आमच्याकडे जुन्या मिल खोलून पुन्हा उभ्या करणारे निवृत्त फिटर, टर्नर, साखर शिजवणारे पॅनमन गावोगाव आहेत. सरकारने एखादी तुकडी पाठवायची ठरवली, तर एका ऑफ सीझनसाठी मी स्वतः यायला तयार आहे. भाषा येत नाही, पण रोलर बसवताना तिची फारशी गरज पडत नाही.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक निवृत्त मिल फिटर
ता. वाळवा, जि. सांगली