बोअरलॉग भरणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आम्ही पुनर्विकासातल्या इमारतींचे पाये डिझाइन करतो. सॉइल रिपोर्टवर सही कन्सल्टंटची असते, आभारही त्यांचेच मानले जातात. पण भूकंपाचा सगळा हिशोब ज्या आकड्यांवर चालतो ते बोअर पाडणाऱ्या रिगपाशी उभं राहून बोअरलॉगमध्ये, म्हणजे कोणत्या खोलीवर कोणती माती लागली त्या नोंदीत, तुम्ही लिहिता, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मिठी नदीकाठच्या प्लॉटचा तुमचा लॉग समोर आहे. ‘6.00 मी., राखाडी बारीक वाळू, शिंपले, ठोके 3-4-5, केसिंग पाण्याने भरलेली.’ नमुन्याची नळी हातोड्याने 15-15 सेंटिमीटरच्या तीन टप्प्यांत ठोकायची; पहिल्या टप्प्याचे ठोके सोडायचे, पुढच्या दोन टप्प्यांचे मिळून 9, हाच एन, म्हणजे मातीच्या घट्टपणाचा आकडा. 63.5 किलोचा हातोडा दर वेळी पुरता 75 सेंटिमीटरवरून सुटा पडला तरच त्या 9 ला अर्थ. दोर अडखळला की मार हलका बसतो, ठोके वाढतात आणि भुसभुशीत वाळू कागदावर घट्ट होऊन बसते. उलट केसिंगमधलं, म्हणजे बोअरला आधार देणाऱ्या नळीतलं, पाणी बाहेरच्या पातळीखाली गेलं, तर तळातून वाळू उसळते आणि एन उगाच कमी येतो. म्हणून त्या शेवटच्या तीन शब्दांचं आम्हाला फार मोल.

पाण्याची पातळी तुम्ही 24 तासांनी मोजलीत, शेजारी भरतीची वेळही टाकलीत. पातळी जमिनीखाली 1.5 मीटर. बोअर संपताच घाईत मोजून कुणी 4 मीटर लिहिली असती तर काय झालं असतं, ते सांगतो. आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत मुंबई झोन 3 मध्ये येते, त्या झोनचा गुणांक 0.16. मातीचं वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन धरलं, तर 6 मीटरवर भूकंपाच्या ताणाचं गुणोत्तर (हादऱ्याचा ताण भागिले कणांवरचा उभा दाब; जितकं जास्त तितका धोका मोठा) 1.5 च्या पातळीला सुमारे 0.17 येतं, 4 च्या पातळीला 0.12. तीच वाळू एका कागदावर धोक्याची, दुसऱ्यावर निभावणारी!

सुट्या, पाण्याने भरलेल्या वाळूला हादरे बसले की कण एकमेकांत बसू पाहतात. पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब चढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. 1964 मध्ये जपानमधल्या निगातात अख्ख्या इमारती अशाच कलंडल्या, वरचा सांगाडा बराचसा शाबूत राहूनही.

काळ्या खाडीच्या चिखलाचं गणित वेगळं. तो वाळूसारखा पातळ होत नाही, पण हादरा वाढवून वर पाठवतो. 1985 मध्ये मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या मऊ मातीने तेच केलं, आणि केंद्र तर 350 किलोमीटरपेक्षा लांब होतं. त्यामुळे नमुन्याची हातात वळी वळून ‘चिकट’ की ‘सुटी’ हे तुम्ही लिहिता, ते प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच आमच्या कामी येतं.

2.5 मीटरवर ठोके 50 च्या पुढे गेले, तिथे ‘भरावातला दगड, खडक नव्हे’ ही तुमची ओळ. मुंबईच्या भरावात हा चकवा नेहमीचा. त्या दगडालाच खडक समजून पाइल, म्हणजे पायाचा खोल खांब, तिथेच थांबवली की पुढचं बोलायलाच नको.

तुमच्या लॉगवरून आम्ही 5 ते 8 मीटरच्या थरात पाइलच्या बाजूचं घर्षण शून्य धरलं आणि पाइल खालच्या ब्रेसिया खडकात सॉकेट केली, म्हणजे रोवली. मऊ थर संपून कडक थर लागतो तिथे पाइलला वाक सर्वांत जास्त बसतो. म्हणून सळ्यांचा पिंजरा अर्ध्यात न तोडता पूर्ण खोलीपर्यंत नेला, आणि थरांच्या त्या सांध्याच्या खाली-वर रिंगा जवळजवळ घेतल्या. पिंजरा वरच्या काही मीटरवर थांबवून स्टील वाचवणारे अजूनही भेटतात. असल्या बचतीला आमचा साफ विरोध आहे.

एक विनंती. कोअर बॉक्स, म्हणजे बोअरमधल्या खडकाच्या नमुन्यांची पेटी, पाइलिंग संपेपर्यंत फेकू नका. पाइलसाठी खडक फोडणाऱ्या चिझेलखालून निघणारे तुकडे आम्हाला त्याच दगडाशी ताडून बघायचे आहेत.

मनापासून आभार.

आपले,
पायाचं डिझाइन करणारे, मुंबई