मुलाच्या ताटात लपवाछपवी नको

प्रति,
संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नुकतंच ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) आणि दूध वगळून करायच्या पदार्थांचं एक पान आलं होतं. ज्या घरात असे पदार्थ रोज लागतात त्या घरातली मी आजी आहे, म्हणून आधी आभार मानते. पण त्या पानावरच्या दोन गोष्टींबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पहिली म्हणजे ऑटिस्टिक मुलांच्या आयांना दिलेला सल्ला: नवा पदार्थ मुलाच्या आवडत्या पदार्थात बेमालूम मिसळा, त्याला कळणारही नाही. आणि दुसरी म्हणजे कोपऱ्यातल्या चौकटीतलं आश्वासन, की गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझमची लक्षणं कमी होतात.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. ऑटिस्टिक आहे, बोलतो थोडं. दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी त्याला तान्हेपणापासून आहे. सहाव्या वर्षी सीलिअ‍ॅक आजाराचंही निदान झालं, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की त्याच्या लहान आतड्याला इजा होते. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. तो खातो ते पदार्थ बोटांवर मोजता येतील एवढेच: मोकळा कोरडा भात, उकडलेल्या बटाट्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या, अंड्याचा फक्त पांढरा भाग, केळं (पण साल त्याच्यासमोर काढलेलं), कडा कापलेला ब्रेड, आयताकृती फिकट बिस्किटं, आणि ठरलेल्या पेल्यातून सोयाबीनचं दूध. ताटात एका पदार्थाने दुसऱ्याला शिवायचं नाही.

अशा मुलाला "कळणारही नाही" हे कोणी ठरवलं? बिस्किट हातात आलं की तो ते आधी ओठाला लावतो, मग कानाजवळ नेऊन मोडतो, मग वास घेतो, आणि मगच दाताखाली धरतो. तांदूळ बदलला तर पहिल्याच घासाला हात थांबतो. हे नखरे नाहीत. स्पर्श, वास, आवाज, चव यांची जाणीव फार तीव्र किंवा फार मंद असणं हे 2013 सालापासून ऑटिझमच्या निदानाच्या अधिकृत निकषांतच आलेलं आहे. जे आपल्याला "जरासं वेगळं" लागतं ते त्याच्या तोंडात पूर्ण परकं असतं.

आणि फसवलं तर काय होतं तेही सांगते. पूर्वी तो नूडल्स खायचा, अगदी आवडीने. एका नातेवाईक बाईंनी त्यात भाजी वाटून घातली. त्यांचा हेतू चांगलाच होता, पोराच्या पोटात दोन चांगले घास जावेत एवढंच त्यांच्या मनात होतं. त्याने एक घास घेतला, ताट सरकवलं आणि त्या दिवसापासून नूडल्स त्याच्या यादीतून गेले ते गेलेच. साध्या केलेल्या, त्याच्यासमोर केलेल्या, कुठल्याच नाही. इतर मुलांच्या बाबतीत एक पदार्थ नावडता झाला तर काही बिघडत नाही, शंभर इतर असतात. इथे एक गेला म्हणजे जेवणाचा मोठा हिस्सा गेला. फार थोड्या पदार्थांवर राहिलेल्या ऑटिस्टिक मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या, अ जीवनसत्त्वाअभावी दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून मला त्याच्या यादीतला एकेक पदार्थ जपावा लागतो, आणि त्या पदार्थावरचा त्याचा विश्वासही.

आता चौकटीबद्दल. ही कल्पना नवी नाही. गहू आणि दुधातल्या प्रथिनांचे तुकडे मेंदूवर अफूसारखा परिणाम करत असावेत, अशा तऱ्हेची मांडणी 1979 पासून चालत आलेली आहे. ती तपासूनही झाली. 2016 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत या आहारावर असलेल्या ऑटिस्टिक मुलांना गहू आणि दूध असलेले व नसलेले पदार्थ असे दिले, की कोणता कोणता हे ना आईवडिलांना माहीत होतं ना तपासणाऱ्यांना. वागण्यात, झोपेत, पोटात काही फरक आढळला नाही. मुलं चौदाच होती, म्हणजे अभ्यास लहान, हे मान्य. पण ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेनेही 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार वापरू नये असंच म्हटलं आहे. उलट 2008 मधल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलग्यांच्या हाडांचा बाहेरचा थर अपेक्षेपेक्षा पातळ दिसला, आणि दूध बंद असलेल्या मुलांत तो जास्तच पातळ होता.

मग आमच्या घरी का बंद आहे? कारण तपासणीत आजार निघाला. वजन वाढत नव्हतं, रक्त कमी होतं, आणि तो येता-जाता टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभा राहायचा. ज्या मुलाला "पोट दुखतंय" असं सांगता येत नाही ते मूल असं सांगतं. हे आयांनी जरूर ध्यानात ठेवावं, कारण पुष्कळदा ती ऑटिझमचीच एक सवय समजली जाते आणि तपासणी राहून जाते. ग्लुटेन बंद झाल्यावर काही महिन्यांनी ते पोट दाबणं थांबलं, झोप सुधारली, चिडणं कमी झालं. तो आधीइतकाच ऑटिस्टिक आहे. दुखणं गेलं, एवढंच, आणि तेवढंच आम्हाला हवं होतं.

तपासणीचा क्रम मात्र फार महत्त्वाचा आहे, आणि आपल्या पानावर त्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. सीलिअ‍ॅकसाठी आधी रक्तातली टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी होते, बरोबर एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडं, बघतात, आणि गरज असेल तर लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासतात. हे सगळं होईपर्यंत मुलाच्या खाण्यात गहू चालू असावा लागतो. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. मग डॉक्टर काही आठवडे पुन्हा गहू द्यायला सांगतात. ज्याने एकदा ब्रेड सोडला त्या मुलाला तो परत कसा खायला घालणार? म्हणून आजमावून पाहू, नुकसान काय, असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते.

आमच्या बाबतीत तपासणी पूर्ण होईपर्यंत वाट पाहण्याची ती मुदतच कामाला आली. दुकानातलं बिस्किट बंद करायचं नव्हतं, म्हणून त्याच बशीत शेजारी मी केलेलं ठेवायला लागले. "हे दुकानातलं, हे आजीचं" एवढं सांगायचं. खा म्हणायचं नाही, त्याच्याकडे बघत बसायचं नाही, नाही खाल्लं तर उचलून ठेवायचं. आधी तो ते बशीबाहेर ढकलायचा. मग बशीत राहू द्यायला लागला. मग बोट लावलं, मग मोडून आवाज ऐकला, खूप नंतर जिभेने चाटलं. ज्या दिवशी डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितलं तोवर आजीचं बिस्किट त्याचं झालेलं होतं. आधी नवं आणायचं, जुनं मागाहून काढायचं. हा क्रम जिथे शक्य आहे तिथे पाळावा, असं मी प्रत्येक आईला सांगते.

पण ते बिस्किट जमायला हवं, आणि इथे खरी मेहनत आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं, म्हणजेच ग्लुटेन, पाण्यात भिजली की त्यांचं जाळं तयार होतं आणि ते पीठ धरून ठेवतं. तांदळाच्या किंवा मक्याच्या पिठात ते जाळं नाही. म्हणून पदार्थ भुसभुशीत होतो आणि जिभेवर वाळूसारखा लागतो. मोठी माणसं वाळू गिळून टाकतात, माझा नातू नाही गिळत. त्यावर दोन उपाय मला लागू पडले. पीठ अगदी बारीक असावं, आणि भिजवल्यावर किमान अर्धा तास झाकून ठेवावं. कण फुगतात, खरखर बरीच जाते. बांधून धरायला इसबगोलाची पूड पाण्यात भिजवून घालते. जास्त झाली की पदार्थ चिकट होतो, आणि काही इसबगोलाने ब्रेडला जांभळट झाक येते. माझ्या घरी तेवढ्या झाकेवर अख्खा ब्रेड वाया जातो, म्हणून नवी पुडी आणली की आधी छोट्या गोळ्यावर बघते.

जाडी सारखी यावी म्हणून लाटणं दोन सारख्या पट्ट्यांवरून फिरवते. दूध-लोणी नसलं की भाजताना रंग कमी चढतो. बाकीच्यांना ते उणं वाटतं, आम्हाला फिकटच हवं असतं. आवाजासाठी, म्हणजे कटकन मोडण्यासाठी, भट्टी बंद केल्यावर बिस्किटं आतच निवू देते.

ब्रेडचं पीठ मळायचं नसतंच, ते जाडसर ओतायजोगं असतं. भाजून पूर्ण थंड झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, नाहीतर आतून लगदा निघतो. आणि तो फार लवकर शिळा होतो, फ्रिजच्या थंडाव्यात तर आणखी लवकर कडक होतो. त्यामुळे त्याच दिवशी चकत्या करून थेट फ्रीझरमध्ये ठेवते आणि लागेल तशी एकेक गरम करते. गरम केली की पुन्हा मऊ पडते.

वेगळी चाळण, वेगळा टोस्टर, वेगळे लाकडी चमचे हे सगळं आलंच, कारण तापवल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्ट जवाचं असतं, ओट्समध्ये गव्हाची भेसळ असू शकते, हे पुष्कळांना माहीत असतं. पण मुलांच्या खेळातला तो रंगीत मऊ गोळा पुष्कळदा गव्हाच्या पिठाचा असतो आणि अशी मुलं तो तोंडात घालतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. पाकिटावर ग्लुटेनमुक्त म्हणायला आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅमची आहे. दुधाचं म्हणाल, तर लॅक्टोजविरहित दूध हे दूधच असतं, त्यातली फक्त साखर मोडलेली असते. शेळीच्या दुधातली प्रथिनंही गाईच्या दुधासारखीच असल्याने अ‍ॅलर्जीच्या मुलांना ते बहुधा चालत नाही.

काय वगळायचं यावर सगळे बोलतात, काय भरून काढायचं यावर कोणी बोलत नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेत दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. दुधाविना ते सहज जमत नाही. कॅल्शियम घातलेलं सोयाबीनचं दूध घेतलं तरी डबा दर वेळी जोरात हलवावा लागतो, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. कंपनीने डब्याचं चित्र बदललं तेव्हा नातवाने ते दूध नाकारलं. मी जुना आणि नवा डबा त्याच्यासमोर ठेवून दोन पेल्यांत ओतत राहिले, तो बघत राहिला, आणि शेवटी पटलं त्याला. नव्या डब्यातलं जुन्यात ओतून ठेवा असं मला सांगणारे पुष्कळ होते. तांदळाच्या दुधात आर्सेनिक असतं म्हणून ब्रिटनमध्ये ते पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं सांगतात. सगळंच तांदळाचं करत गेलं तर हा धोका वाढतो, म्हणून मी बिस्किटात अधूनमधून थोडं ज्वारीचं पीठ आणायचा प्रयत्न करते आहे. सांगून, दाखवून, वेगळ्या बशीत. अजून तो त्याला फक्त बोट लावतो.

तेव्हा माझी विनंती अशी. त्या चौकटीच्या जागी पुढच्या वेळी एवढं छापा, की तपासणीआधी काहीही बंद करू नका आणि बंद करायची वेळ आली तर आहारतज्ज्ञाला बरोबर घ्या. मिसळून फसवायचा सल्ला काढून टाका. आणि पाककृती देताना वाटी-चमच्याऐवजी ग्रॅम लिहा. जाडी किती, रंग कोणता येतो, मोडताना आवाज होतो की नाही, दुसऱ्या दिवशी कसं लागतं, हेही लिहा. या मुलांच्या घरी चवीच्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

कसं लिहावं म्हणून माझ्या बिस्किटांचं देते. बारीक तांदळाचं पीठ 100 ग्रॅम, टॅपिओकाचं पीठ 50, पिठीसाखर 50, वास नसलेलं तेल 60. इसबगोलाची पूड 3 ग्रॅम, 45 मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं भिजवलेली. सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावं. कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी आणखी. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून आयत कापावेत आणि 160 अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं, कडा जेमतेम रंग धरेपर्यंत भाजावेत. भट्टी बंद करून आतच निवू द्यावेत. रंग फिकट, मोडताना स्वच्छ आवाज. घट्ट झाकणाच्या डब्यात आवाज चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी जातो आणि मग तो ती खात नाही.

आपली,
एक आजी