लॅपटॉप आला, पण तिसरी तार कुठाय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातला वायरमन. अठ्ठावीस वर्षं हेच काम. हल्ली जांबोटी-कणकुंबीच्या बाजूलाही पोरं-पोरी घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम करतात. त्यामुळे एक नवीनच तक्रार कानावर येते: ‘काका, लॅपटॉप झिणझिण्या मारतोय.’

गेल्या जूनची गोष्ट. कौलारू घर, शेणानं सारवलेली जमीन पावसानं ओलसर. पोरगी अनवाणी बसून काम करायची. चार्जर लावून लॅपटॉपच्या ॲल्युमिनियमला मनगट टेकलं की झिणझिण्या. एका दुकानदारानं मदरबोर्ड बदलायला सांगितलेला, साडेअकरा हजार रुपये! मी भिंतीवरचा बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकाला मागून तारच नव्हती. अर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी, तिसरी तार ती हीच. त्यात भर म्हणजे चार्जरची तीन पिन दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसलेली.

चार्जरच्या आत बारीक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, त्यांतून थोडी वीज गळतेच. ती जमिनीत उतरवायलाच तिसरी पिन दिलेली. गळतीला ही वाट नसली की ती हातातून उतरते. एवढ्यानं माणूस दगावत नाही, खरं आहे. पण त्याच बोर्डावर सकाळी इस्त्री लागते, पाण्याची मोटर लागते. तिथली गळती झिणझिण्यांवर थांबत नाही.

परसात खड्डा काढला, अडीच मीटरचा जी.आय. (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, मीठ, कोळसा, आणि तिथून बोर्डापर्यंत हिरवी तार. झिणझिण्या गेल्या. मदरबोर्ड आजही तोच आहे. (खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला सांगितलंय. कोण घालतंय म्हणा!)

आमच्याकडच्या पावसाचं आणखी एक. फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला, तर घरात 230 व्होल्टच्या जागी 400च्या जवळपासही येऊ शकतात. चार्जरवर ‘100 ते 240’ छापलेलं असतं, तो किती सोसणार? बल्ब एकाएकी लख्ख झाला, पंखा भणाणला, की आधी मेन स्विच पाडायचा. वळीव भरून आला की मात्र गडगडाट सुरू व्हायच्या आतच पिन काढून ठेवावी, राऊटरचीसुद्धा. स्टॅबिलायझर आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात. वीज पडली तर तो काही वाचवत नाही.

गादीवर, घोंगडीवर लॅपटॉप ठेवला की खालची हवेची जाळी बुजते आणि तो तापतो, हे पोरांना ठाऊक असतं, तरी ठेवतात. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबून बसवू नये, चार्जिंग बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यावी.

लॅपटॉप विकताना दुकानदार बॅग विचारतो, माऊस विचारतो. घरात अर्थिंग आहे का, हे मी तरी कुणाला विचारताना ऐकलं नाही. आणि घरांचं सोडा, गावोगावच्या वाचनालयांत, अभ्यासिकांत एकाच एक्स्टेन्शनवर पाच-पाच चार्जर लागतात. पंचायतींनी पावसाआधी हे बोर्ड वायरमनकडून तपासून घ्यावेत. आमच्या गावच्या वाचनालयातले चार बोर्ड मी परवा उघडले. तिसरी तार एकातच निघाली. उरलेले तीन येत्या रविवारी करतोय, मजुरी घेणार नाही, तारेचे पैसे तेवढे कमिटीनं द्यावेत.

आपला,
एक वायरमन, ता. खानापूर, जि. बेळगाव