जोड शोधायला या, बाबा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. रविवारी पणजीहून बसने जुन्या गोव्याला गेले होते. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये दोन तास बसले आणि सगळा वेळ बाबांची आठवण येत होती.

बाहेरून ते पांढरं, साधंच दिसतं. दरवाजा तेवढा काळसर दगडाचा, भरगच्च कोरलेला. तो आधीच्या, १५२१ सालच्या चर्चचा आहे. १६६१ मध्ये त्याच जागी आताचं चर्च उभं केलं, तेव्हा जुन्यातला तेवढा दरवाजा राखला. बाबा, तुम्ही नाही का आजोबांच्या घराची चौकट जपून आपल्या घराला लावलीत?

आत गेल्यावर समोर मुख्य वेदी. देवामागची प्रभावळ छतापर्यंत वाढत गेली तर कशी दिसेल, तशी. सगळं लाकूड, त्यावर सोन्याचा मुलामा. वेली, पानं, बारीक खांब आणि मध्यभागी क्रुसावरचा येशू आणि संत फ्रान्सिस. त्यांच्या पायाशी संताची तीन व्रतं लिहिली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. एवढ्या सोन्यात दारिद्र्याचं व्रत वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संताच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले आहेत, भिंतींवर फुलापानांची नक्षी. रंग आता फिके झालेत.

आई, तुला जमीन पाहून कसंसं होईल. खाली थडग्यांच्या शिळाच शिळा, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. पावलांनी झिजलीत. मी कडेकडेने चालले.

पण बाबा, मला कळेना ते वेगळंच. एवढ्या लाकडात जोड कुठे आहेत? कुसू-खाच कुठे बसवली असेल? जवळ जाऊन पाहिलं, वेलीच्या वळणात सगळं लपलंय. त्या काळी गोव्यातल्या चर्चमधलं असं काम इथल्याच कारागिरांनी केलं. त्यांची नावं कुठे दिसत नाहीत, पण पटाशी धरलेला हात मला ओळखीचा वाटला. लहानपणी मी तुमच्या हाताशेजारी बसून भुसा गोळा करायचे, तोच.

हात थरथरतो म्हणून तुम्ही हत्यारं पेटीत ठेवलीत, त्यालाही वर्ष झालं. आई म्हणते, तुम्ही आता माजघरातून उठतसुद्धा नाही. कापायला हात लागतो, बाबा. पाहायला तुमचे डोळे आहेत, आणि ते माझ्याकडे नाहीत.

पुढच्या शनिवारी मी सावंतवाडीला येते. रविवारी सकाळीच गाडी सांगून ठेवलीय. आत निवांत बसता येतं, शेजारच्या मठात म्युझियम आहे, तिथे आपल्याकडच्यासारखे वीरगळही आहेत. आई, डबा मीच करून आणते. फक्त बाबांचा जवळचा चष्मा विसरू नकोस.

तुमची,
बाळी