खुले पत्र : पाणबुडीच्या कप्तानावर एक धडा द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य
(मुक्काम नागपूर, हिवाळी अधिवेशन)

महोदय, सादर नमस्कार.

अधिवेशनामुळे रस्त्यांवर नवं डांबर पडलंय आणि मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडताहेत. माझा मोर्चा एकट्याचा आहे, म्हणून टपालाने पाठवतो.

मी सदतीस वर्षं या गावात मराठी आणि इतिहास शिकवला. ४ डिसेंबरला नौदल दिन आला की कराचीवरच्या हल्ल्याची चार वाक्यं फळ्यावर लिहायची आणि पुढे सरकायचं, असा माझा रिवाज. एका वर्षी सातवीतल्या पोराने विचारलं, "सर, पाणबुडी म्हणजे फुटाळ्यावर दिसते ती का?" वर्ग खो-खो हसला. पण पोराचं काय चुकलं? तलावावर बुड्या मारणाऱ्या टिबुकलीला पाणबुडीही म्हणतात, आणि खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर. दुसऱ्या पाणबुडीबद्दल मलाच धड सांगता येईना, याची लाज वाटली.

मग वाचत सुटलो, आणि एका मराठी माणसापाशी येऊन थांबलो. कमांडर मोहन नारायण सामंत.

४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात 'करंज' ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. तिचे पहिले कप्तान सामंत. तिच्याच जातीची 'कुरसुरा' आता विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभी आहे. मी नातवाला घेऊन मुद्दाम गेलो. लांबी ९१ मीटर, माणसं सत्तर-पंचाहत्तर. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल भोकातून आधी पाय टाकायचा, मग मान वाकवायची. झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंना लागून. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात सगळा कारभार बॅटरीवर, आणि बॅटरी उतरली की ती भरायला पुन्हा पृष्ठभागाजवळ येणं भाग. नातू दहा मिनिटांत म्हणाला, "आजोबा, बाहेर चला." ही माणसं त्यात महिना-महिना काढत.

१९७१चं युद्ध झालं तेव्हा करंजचे कप्तान विजयसिंह शेखावत होते. त्यांना वीरचक्र मिळालं आणि १९९३मध्ये ते नौदलप्रमुख झाले. सामंतांचं युद्ध मात्र पूर्व बंगालच्या गढूळ नद्यांत झालं.

त्याची सुरुवातही पाणबुडीतच आहे. पाकिस्तानची 'मँग्रो' फ्रान्सच्या तुलाँ बंदरात असताना मार्च १९७१च्या अखेरीस तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक निसटले आणि भारतात पोचले. त्यांच्यापासून जलकमांडोंची फौज उभी राहिली आणि त्या गुप्त मोहिमेची सूत्रं सामंतांकडे आली. प्लासीजवळ भागीरथीच्या काठी छावणी पडली. शिकणारे बहुतेक शाळा-कॉलेजातले तरुण, चारशेहून जास्त. छातीला गमछाने सुरुंग बांधायचा, अंधारात पोहत जहाज गाठायचं, तो पाण्याखाली जहाजाला चिकटवायचा आणि परत फिरायचं. सुरुंगाची विरघळणारी खुंटी वेळेआधी भिजू नये म्हणून तिच्यावर निरोध चढवत. (हो, तोच. धड्यातून हे वाक्य समिती कापणार, हे मी धरून चाललोय.) आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर ठरलेलं गाणं लागलं की निघायची खूण. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चार बंदरांत एकाच वेळी जहाजं फुटली.

डिसेंबरात सामंत स्वतः नदीत उतरले. मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' आणि 'पलाश' या दोन बोटी, सोबत आपल्या नौदलाची 'पनवेल'. हो, रायगडातलं पनवेल. मोंगला घेऊन १० डिसेंबरला ताफा खुलन्याकडे निघाला. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळा रंग दिला होता. तरीही वर घिरट्या घालणाऱ्या आपल्याच विमानांनी शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या. पलाशच्या इंजिनघरातले रुहुल अमीन त्या दिवशी गेले. ते आज बांगलादेशचे वीरश्रेष्ठ आहेत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च शौर्यपुरस्काराचे मानकरी. पनवेल वाचली. सामंतांनी पाण्यातली माणसं वर घेतली आणि लढाई सोडली नाही. त्यांना महावीरचक्र मिळालं.

आमचं हे गाव हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं. वायुसेनानगरची मुलं माझ्या वर्गात असायची, त्यामुळे १० डिसेंबरची गोष्ट सांगताना माझीही जीभ अडायची. पण सांगितली तेव्हा सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच पोरांनी विचारले. पिवळा रंग वरून का दिसला नाही, कोणी कोणाला कळवायला हवं होतं, वैमानिकाला नंतर कधी कळलं. तास संपला तरी उठेनात.

म्हणून मागणं एवढंच : सातवी किंवा आठवीला सामंतांवर एक धडा द्या. विमानांची चूक त्यातून गाळू नका. पाणबुडीत माणूस कसा झोपतो, काय श्वास घेतो, तेही येऊ द्या. 'अतुलनीय शौर्य', 'जाज्वल्य देशप्रेम' असल्या शब्दांनी पान भरलं की पोरं चित्रांना मिश्या काढत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सामंत मार्च २०१९मध्ये गेले. १० मार्च २०२१ला नवी 'करंज' मुंबईत नौदलात दाखल झाली तेव्हा पाहुणे म्हणून शेखावत हजर होते. सामंतांचा तो दिवस दोन वर्षांनी हुकला.

धड्याचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवलाय, सहा पानं. अधिवेशनात मंत्री उतरतात ते रविभवन माझ्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. आपण वेळ कळवा, मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
धरमपेठ, नागपूर